सव्वासहाला एक

फार फार पूर्वी, माणसांनी नकाशे काढायला घेतले त्याच्याही आधी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. तिथल्या बाजारपेठेची एक रीत होती. दोन जिन्नस मिसळून काही करायचे, तर ते दोन पारड्यांत घालायचे आणि काटा मधोमध उभा राहील तेवढेच घ्यायचे. लाडवातले तीळ नि गूळ असोत, की धुपातली राळ नि चंदन, सगळे समसमान. या रीतीचा पेठेला भारी अभिमान.

त्या पेठेत एक रंगाचा व्यापारी होता. नवरात्रात देवीच्या मुखवट्याला लागणारा लालभडक हिंगूळ आजोबांच्या काळापासून त्याच्याच दुकानातून जाई. हिंगूळ यायचा परमुलखातून, घाट उतरून. त्या वर्षी दरड कोसळली आणि घाट बंद झाला.

पुजारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "शेठ, जमत नसेल तर आत्ताच सांगा. गेरूवाला तयार आहे."

"गेरू? देवीच्या मुखाला?" शेठ म्हणाला. "अहो, ते काय अंगण आहे? हिंगूळ मी घरी करतो. पारा आणि गंधक, दोनच तर जिन्नस."

"करा बापडे. पण मान एकदा दुसऱ्या दारी गेला, की परत यायचं विसरतो."

शेठने पारा नि गंधक समसमान तोलले, खलात घोटून काळी भुकटी केली आणि मडक्यात घालून भट्टीवर चढवली. (मंडळी, पाऱ्याचा धूर विषारी असतो. तुम्ही आपली गोष्टच ऐका, भट्टी पेटवू नका.) मडके निवल्यावर झाकण काढले, तर लाली धरली होती खरी, पण तिच्यावर पिवळ्या गंधकाचा जाड थर. रंग मळकट, वास असा की मांजरसुद्धा माडीवरून उतरेना.

शेठला वाटले, तोलण्यातच चूक झाली. त्याने काटा पुसला, वजने घासली, पुन्हा तोलले. पुन्हा गंधक उरला. मग चिडून त्याने अंदाजानेच भरमसाट पारा ओतला. या खेपेला गंधक उरला नाही, पण झाकणाला पाऱ्याचे टपोरे थेंब लोंबत राहिले.

शेठाणी दारातून बघत होती. म्हणाली, "तुमचं आपलं पंगतीसारखं चाललंय. कधी पानं उरतात, कधी पाहुणे."

"थट्टा सुचतेय तुला. नवरात्र तोंडावर आलंय."

"थट्टा कुठली? जे दिसतंय ते सांगते."

शेठ देवळाच्या तळ्यावर हातपाय धुवायला गेला. तिथे देवळाची म्हातारी हत्तीण पाण्यात उभी होती. त्या काळी जनावरे बोलत, आणि व्यापारी ऐकूनही घेत.

"शेठ," हत्तीण म्हणाली, "आज तुमच्या अंगाला फटाक्यांच्या दुकानाचा वास येतोय."

शेठने पायरीवर बसून सगळी हकिगत सांगितली. हत्तिणीने सोंडेने पाठीवर पाणी उडवले आणि विचारले, "माझी नि माझ्या माहुताची जोडी बरोबर आहे ना?"

"आहे की. अख्खं नगर बघतं."

"मग तुमच्या रीतीनं तोला बघू आम्हाला."

शेठने मनातल्या मनात तराजू टांगला. एका पारड्यात हत्तीण चढवली, दुसऱ्यात माहूत बसवू लागला. "पन्नास तरी माहूत लागतील," तो हसत म्हणाला.

"त्यातला एक माझ्या मानेवर बसेल. बाकीचे?"

"उरतील," शेठ म्हणाला, आणि त्याचे हसू थांबले. "गंधकासारखे."

"जोडी नगाला नग लागते, बाबा. मी जड आहे यात माझा गुन्हा नाही, आणि तो हलका आहे यात त्याचा नाही."

शेठ तसाच ओल्या पायांनी घरी निघाला. वाटेत विचार करीत होता. पारा कितीही बारीक केला, तरी शेवटी एक असा कण उरणारच, की त्यापुढे फोडता येणार नाही. गंधकाचेही तेच. पाऱ्याचा कण हत्तीच्या जातीचा असेल, तर सारख्या वजनात गंधकाचे कण कितीतरी जास्त येणार.

मग त्याने गंधक एक भार ठेवला आणि पारा बेताबेताने वाढवत नेला. सहा भार पाऱ्याला पिवळी झाक जेमतेम उरली. सव्वासहा भाराला काहीच उरले नाही. मोठ्या मडक्यात केले, लहान मडक्यात केले, सव्वासहाला एक हेच प्रमाण. आणि रंग असा, की शेठाणीने बोट लावून पाहिले आणि पुसायचे विसरली.

पेठेचे पंच मात्र तराजू घेऊन, डोळे वटारून आले. "सव्वासहाला एक? शेठ, गंधकाला लुबाडलंत तुम्ही. ही कुठली रीत?"

"नगाला नग. या साऱ्या पाऱ्यात जेवढे कण, तेवढेच या एवढ्याशा गंधकात. म्हणून पाऱ्याचा एक कण गंधकाच्या सव्वासहा कणांएवढा जड."

"तुम्ही पाहिलात तो कण?"

"नाही. पण हत्तीखान्याचं दार बंद ठेवा. आतल्या सगळ्या हत्तींचं वजन सांगा, सगळ्या माहुतांचं सांगा, आणि दर हत्तीला एकच माहूत आहे एवढं सांगा. एक हत्ती किती माहुतांएवढा, ते मी दार न उघडता सांगतो."

पंचांनी एकमेकांकडे पाहिले. थोरल्या पंचाने बोटांवर काहीतरी मोजले, आणि मग हळूच तराजू गुंडाळून काखेत घेतला.

त्या नवरात्रात देवीचे मुख असे उजळले, की पुजारी आरतीच्या मध्येच थांबून बघत राहिला. मान शेठच्याच घरी राहिला. पेठेनेही रीत बदलली. मिसळण्याआधी ज्याचा त्याचा भार विचारायचा, असे ठरले. आणि विसर पडू नये म्हणून प्रत्येक तराजूच्या दांडीवर हिंगुळाने एक छोटा हत्ती काढला गेला, मानेवर एकच माहूत बसलेला.

तात्पर्य: सगळ्यांना एकाच वजनाने तोलल्याने न्याय होत नाही, आधी ज्याचा त्याचा भार ओळखावा लागतो.