फाटकापलीकडचा एमिल

अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांची हद्द जिथून जाते, तिथल्या एका गावात हार्लन नावाचा वखारवाला राहत असे. गाव अमेरिकेचं. त्याच्या लाकडाच्या वखारीमागे रस्त्यावर एक सरकारी फाटक होतं, आणि फाटकापलीकडे कॅनडा. तिथे एमिल नावाचा गवळी आपल्या गाई घेऊन राहायचा. फाटकावरचा म्हातारा शिपाई दोन्हीकडच्या माणसांना तोंडओळखीवर सोडायचा.

एमिलची थोरली बहीण ओदिल लग्न होऊन हार्लनच्या गावात आली होती. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि उतारवयात ती पायांनी अधू झाली. एमिल रोज सकाळी फाटक ओलांडून यायचा, तिची शेगडी पेटवायचा, दिवसभराचं खाणं हाताशी ठेवायचा. परतताना हार्लनच्या दारी डोकवायचा. बर्फ साचलं असेल तर न सांगता ट्रॅक्टरने त्याचं अंगण मोकळं करून द्यायचा. मागे एकदा वखारीला आग लागली, तेव्हा पहिला बंब पलीकडून आला होता आणि त्यावर एमिल होता.

हार्लनला एमिल आवडायचा. मात्र त्याच्याबद्दल कधी थांबून विचार करावा, असं त्याला वाटलं नव्हतं. गावच्या हॉटेलात कॉफी पिताना पलीकडच्यांचा विषय निघाला की सगळे तेच बोलत. भली माणसं, म्हणत. आपण त्यांच्या पायावर पाय दिला तर माफी तेच मागतात. कुणी म्हणे, तो देश कसला, आपलंच परसदार आहे ते. हार्लन हसायचा. एखाद्या वेळी एमिल तिथे असला तर तोही हसायचा. त्यामुळे त्याला काही लागत नाही, असं हार्लन धरून चालला होता.

एके वर्षी दोन्ही देशांच्या सरकारांत बिनसलं. असली लहान फाटकं बंद करावीत असं अमेरिकेत वारं सुटलं. गावाचं मत घ्यायला अधिकारी येणार, सभा भरणार, असं ठरलं.

एमिल वखारीत आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, “हार्लन, गावात तुझा शब्द चालतो. मी परका, मला सभेत बोलू देणार नाहीत. तू एवढंच सांग, की या फाटकावर एका बाईचं जगणं आहे. हद्दीवरच्या मोठ्या पुलावरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो, आणि वादळात तो रस्ता बंदच असतो.”

“तिला तुझ्याकडेच ने ना.”

“किती वेळा म्हटलं. नवऱ्याचं घर सोडत नाही ती.”

“सांगतो मी,” हार्लन म्हणाला. “त्यात काय एवढं.”

एमिलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. आजवर त्याने हार्लनकडे काही मागितलं नव्हतं.

सभेला गाव लोटला. अधिकाऱ्याचं बोलून झाल्यावर हार्लन उभा राहिला. “पलीकडची जी माणसं आहेत...” एवढं तो बोलतो न बोलतो, तोच मागून कुणीतरी विचारलं, “हार्लन, तू कुणाच्या बाजूचा? आपल्या की त्यांच्या?”

ओदिलचं नाव हार्लनच्या ओठांवर आलं होतं. पण वखारीची गिऱ्हाइकं, रोज कॉफीला बसणारे, सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यांच्यात आपण एकटे पडू, ही भीती त्याच्या मनात शिरली.

“मी म्हणत होतो,” तो म्हणाला, “आपण फाटकाला कुलूप घातलं, तरी माफी मागायला तेच येतील.”

सभा खदखदून हसली. मग फाटक बंद करावं असं वाटणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं, तेव्हा हार्लनचाही हात वर गेला.

फाटक बंद व्हायच्या आदल्या दिवशी एमिल भेटायला आला. “बोललास?” त्याने विचारलं.

“बोललो. पण ऐकतंय कोण.”

एमिलने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, “पुलावरून येत जाईन मी. पण वादळात नाही जमलं, तर तिची शेगडी बघशील?”

“बघेन की.”

हिवाळा आला. मोठं वादळ झालं आणि फोन बंद पडले. हार्लनने कोट चढवला, दार उघडलं, तर समोर कमरेइतकं बर्फ. ओदिलचं घर चारच घरं पलीकडे होतं. तो उंबऱ्यात उभा राहिला. एमिल काहीतरी करून आलाच असेल, त्याला वाटलं. ही माणसं येतातच. त्याने दार लावून कोट खुंटीला अडकवला. दुसऱ्या दिवशीही त्याने स्वतःची तशीच समजूत घातली.

वादळ निवळल्यावर तो गेला. धुराड्यातून धूर नव्हता. विझलेल्या शेगडीपाशी, अंगात दोन कोट घालून, ओदिल खुर्चीत बसली होती. ती केव्हाच गेली होती.

दफनाला एमिल पुलावरून वळसा घालून आला. तो ओरडेल, निदान तोंड तरी फिरवेल, म्हणून हार्लन वाट बघत होता. एमिलने सगळ्यांशी हात मिळवले, तसाच त्याच्याशीही मिळवला, आणि तो निघून गेला.

हार्लनला घरात चैन पडेना. एके दिवशी तोच वळसा घालून तो एमिलच्या दारी गेला. एमिलने त्याला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली, गरम कॉफी पुढे ठेवली.

“सभेचं मी तुला खोटं सांगितलं,” हार्लन म्हणाला.

“ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“मग शेगडी बघायला मला कशाला सांगितलंस?”

“जवळ दुसरं कोण होतं?”

हार्लनने मान खाली घातली. तो म्हणाला, “एमिल, मला शिव्या तरी दे.”

एमिलने खिडकीबाहेर पाहिलं. पुलावरच्या अनोळखी अधिकाऱ्याशी बोलावं, तितक्याच सभ्यपणे तो म्हणाला, “तुम्ही आता निघा. लांब जायचंय तुम्हाला, आणि पुलावर बर्फ असतं.”

इतक्या वर्षांत एमिलने त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. हार्लनने कप खाली ठेवला आणि तो उठला. एमिल रीतीप्रमाणे दारापर्यंत आला. हार्लन पायऱ्या उतरण्याआधीच त्याने सावकाश दार लावून घेतलं.

तात्पर्य: शेजाऱ्याचा भलेपणा ही आपली मिळकत नव्हे. तो कधी आटणार नाही असं समजून जो त्याच्यासाठी बोलायच्या वेळी कच खातो, त्याला पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी तो शेजार परत मिळत नाही.