कोसा नसलेलं झाड

खूप जुन्या काळी एका रानात ऐनाची दोन झाडं शेजारी शेजारी उभी होती. दोघांची साल मगरीच्या पाठीसारखी खडबडीत होती. थोरल्या झाडाला मात्र आपल्या पानांचा फार अभिमान होता.

एका पावसाळ्यात रेशमाच्या पतंगाची मादी तिथे आली. तिला तोंडच नव्हतं, खाणं तिच्या जन्मात नव्हतं. तिने दोन्ही झाडांवर अंडी घातली आणि ती मरून गेली.

अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि पानं कुरतडू लागल्या.

"कोण रे ते? उतरा खाली!" थोरलं झाड ओरडलं.

"आजोबा, आम्हाला हीच पानं खाता येतात," एक इवलीशी अळी म्हणाली. "कडेकडेची दिलीत तरी चालतील."

"आज कडेची, उद्या देठासकट! धर्मशाळा समजलात की काय मला?"

त्याने तांबड्या मुंग्यांना बोलावून घेतलं. संध्याकाळी त्याच्यावर एकही अळी उरली नाही.

धाकट्या झाडाची पानं चाळणीसारखी झाली. थोरलं हसलं, "भिकाऱ्याची गोधडी बरी रे तुझ्यापेक्षा!"

"दुखतं खरं," धाकटं म्हणालं, "पण त्यांना हाकलू कुठे?"

त्याच्यावरच्या अळ्या वाढल्या, स्वतःभोवती रेशमाचे कोसे विणून आत झोपी गेल्या.

थंडी सरली आणि पानगळ आली. थोरल्याने एकेक पान घट्ट धरून पाहिलं, पण ती गळलीच. एकही भोक नसलेली पानं त्याच्याच पायाशी पडली. धाकट्याच्या उघड्या फांद्यांवर मात्र कोसे लटकत राहिले.

मग जवळच्या गावातला लाकूडतोड्या बायकोसोबत आला. कोसा असलेल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, अशी त्या गावाची रीत होती.

"अहो, आधी वर बघा. मागच्या खेपेला न बघता घाव घातलात आणि बोलणी मी खाल्ली."

"बघतोय गं, मान मोडायची वेळ आली! त्या धाकट्यावर कोसे आहेत. याच्यावर एकही नाही."

"नीट बघितलंत ना?"

"पानच नाही, तर कोसा लपेल कुठे?"

थोरल्या झाडाने मुंग्यांना हाका मारल्या. पहिला घाव बसताच त्या निघून गेल्या.

दुपारी ते झाड आपल्याच जपलेल्या पानांवर आडवं झालं.

पुढच्या पावसाळ्यात कोशांतून पतंग बाहेर आले. अंडी घालायला आता तिथे एकच झाड उरलं होतं.

जे एक दिवस गळूनच जाणार आहे, ते भुकेल्याला नाकारून कुणाचंही वाचत नाही.