पाच दोऱ्या आणि एक अंगठा

“कापू की ठेवू? तेवढं एकच सांगा बाबा.”

हमजाबाबांनी मान वर केली नाही. मोरपिसांचा कुंचा मांडीवर घेऊन ते त्याची सुटलेली पिसं दोऱ्यानं आवळत बसले होते.

“काय कापायचं म्हणतो?”

“उपकथानकं.”

“कोनाची?”

“माझ्या पिक्चरची. भुताचा पिक्चर केलाय मी.”

“आरं वा!” बाबा म्हणाले. “आन उपकथानक म्हंजी काय असतंय?”

कैवल्यला मनातून जरा बरंच वाटलं. समोरच्याला काही माहीत नसलं की त्याला समजावून सांगायला हुरूप यायचा.

“हे बघा. मेन गोष्ट एक असते. तिच्या अंगाअंगानं बारक्या गोष्टी चालतात, त्या उपकथानकं. माझ्या पिक्चरमध्ये पाच आहेत. पाच! भुताच्या पिक्चरमध्ये एक निभावताना लोकांच्या नाकी नऊ येतात.”

“पाच...” बाबा म्हणाले, आणि त्यांनी पाय हलवला.

करकर. किणकिण. खुळखुळ.

कैवल्यनं तोंड वाकडं केलं. आल्यापासून हा आवाज त्याच्या डोक्यात जात होता.

पिराच्या ओट्यालगत लिंबाचं मोठं झाड होतं आणि झाडाला पाच झोळ्या टांगलेल्या होत्या. कुणाची लुगड्याची, कुणाची जुन्या चादरीची. पाची झोळ्यांत पाच लेकरं. बाया पलीकडच्या रानात कापूस वेचत होत्या, पुरत्या दहा-बारा सऱ्याही लांब नसतील. पाची झोळ्यांच्या दोऱ्या एका गाठीत आणून ती गाठ बाबांनी आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवली होती. पाय हलला की पाची झोळ्या हलत.

आणि वाजत. एकीचा दोर फांदीला घासून करकरायचा. एकीला काचेच्या बांगड्या बांधलेल्या होत्या. एकीला पत्र्याचा खुळखुळा, एकीला घुंगरू, एकीला किल्ल्यांचा जुडगा. ज्या आईला जे जमलं ते तिनं बांधलेलं.

“हा आवाज थोडा वेळ थांबवता येईल का? मला महत्त्वाचं बोलायचंय.”

“तू बोल की. तो आपलं काम करतोय.”

कैवल्यनं घड्याळ बघितलं. साडेतीन. पाच वाजता निर्मात्याचा फोन येणार होता. निर्मात्यानं कालच बजावलं होतं, “हडळ ठेव, बाकी सगळं उडव. तुझ्यानं होत नसेल तर मी दुसऱ्याकडून कापून घेतो. मग पडद्यावर तुझं नाव राहील का नाही, ते मला विचारू नको.”

अडीच वर्षं घासून केलेला पिक्चर. आणि नाव दुसऱ्याचं?

म्हणून तो पुण्याहून पहाटेच निघून इथं आला होता. पण माळावरचे हे हमजाबाबाच का? तर कैवल्य सहा वर्षांचा असताना रेड्याला भिऊन आजारी पडला होता. झोपेना, जेवेना, मावशीच्या पदरात तोंड घालून नुसता तिला चिकटून बसायचा. तेव्हा मावशीनं त्याला इथंच आणलं होतं. बाबांनी हाच कुंचा डोक्यावरून फिरवला आणि कानात काहीतरी बोलले. त्या दुपारी तो मावशीच्या मांडीवर गाढ झोपला.

ज्याला भीती बाहेर काढता येते, त्याला ती आत कुठून शिरते हे माहीत असणारच. असा कैवल्यचा हिशोब. असा विचार दुसऱ्या कुठल्या दिग्दर्शकाला सुचला नसता, याचाही त्याला अभिमान होता.

“तर गोष्ट ऐका,” तो म्हणाला, आणि बाह्या सरसावून उभाच राहिला.

त्यानं सगळा पिक्चर सांगितला. नुसता सांगितला नाही, करून दाखवला. नोकरीचा शेवटचा दिवस असलेला पोस्टमन. बांधावरून भांडणारे दोन भाऊ. शाळेतली बाई आणि तिच्यावर जीव टाकणारा ट्रॅक्टरवाला. गावाला हसवणारा न्हावी. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलेली पोर. पोस्टमनच्या वेळी त्याचा आवाज कापरा झाला, न्हाव्याच्या वेळी तो कमरेत वाकून चालला. आणि मग खालच्या आवाजात, एकेक शब्द मोजून, त्यानं हडळ आणली.

“...आणि दार आपोआप उघडतं. उंबऱ्यावर... उलटी पावलं.”

बाबांनी मोठी जांभई दिली.

कैवल्य तसाच हात वर करून उभा राहिला.

“आवडली नाही?”

“आवडली की. त्या पोस्टमनची सायकल कोनाला दिली मग?”

“सायकल? सायकलीचं काय मध्येच? हडळ आलीय दारात!”

“हडळ आली तवा पोस्टमन कुठं व्हता?”

“त्याच्या घरी. त्याची गोष्ट वेगळी आहे.”

“आन ती मास्तरीण?”

“ती ट्रॅक्टरवर. तीही वेगळी.”

“त्येंना ठावं हाय का, गावात हडळ फिरती म्हनून?”

“नाही. त्यांना कशाला माहीत पाहिजे? प्रत्येक गोष्ट स्वतंत्र आहे, तिचं तिचं जग आहे. जाणकार लोकांना हेच आवडतं.”

“मंग ह्या पाच दोऱ्या तू बांधल्या कुठं?”

“सुट्याच आहेत बाबा. तीच तर गंमत आहे.”

“हं...” बाबा म्हणाले, आणि त्यांनी कुंच्याला आणखी एक गाठ मारली.

कैवल्यच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण हार मानणारा तो नव्हता.

“बरं. आता निर्माता म्हणतो तसं करून दाखवतो. सगळं काढून टाकलं. नुसती हडळ.”

त्यानं पोस्टमन काढला. भाऊ काढले, बाई काढली, न्हावी काढला, परीक्षा काढली. राहिलं एक रिकामं घर आणि एक हडळ. ती दारातून आली, खिडकीतून आली, मग माळ्यावरून आली. तिचे केस, तिची नखं, तिचे डोळे. कैवल्यनं डोळे गरागरा फिरवले, जीभ बाहेर काढली...

बाबा हसायला लागले. आधी गालात, मग खांदे हलवून. हसता हसता पाय हलला आणि पाची झोळ्या वाजल्या.

“आरं, त्या बिचारीला कोनीच गावंना व्हय? सारखी येती आन जाती.”

कैवल्य मटकन ओट्यावर बसला.

“हेच,” तो म्हणाला. “अगदी हेच होतं बाबा. दोन ठिकाणी लोकांना दाखवला. पुरा दाखवला तर जांभया देतात, कापून दाखवला तर हसतात. अडीच वर्षं... आणि एक माणूस घाबरत नाही.”



रानात बायांच्या गप्पा रंगल्या होत्या. कंबरेच्या ओटीत कापूस टाकत, खाली वाकून, तोंडं मात्र चालू.

“...मी म्हनलं सासूला, बाई, तुमचा ल्योक तुमी घ्या, माझं लेकरू मी घेती!”

“आन मंग?”

“मंग काय, आल्या मुकाट्यानं भाकरी थापायला.”

“माझ्या भयनीच्या लग्नाचं तेवढं इच्यारू नका. पोरगा बगायला आला आन गाडीच बंद पडली. हिनंच ढकलली मांगून!”

हसू उसळलं. एक शहनाज नावाची ठसकेबाज बाई तर कंबर धरून हसत होती. तिच्यापुढची कांता आपली एकटीच गुणगुणत कापूस वेचत होती. कुणाचं काय, कुणाचं काय. कैवल्यच्या पिक्चरसारखंच.

आणि इकडं करकर. किणकिण. खुळखुळ.

तेवढ्यात त्याच्या डोक्यात एक भन्नाट गोष्ट आली. हडळीचा शेवट. हा शेवट ऐकला तर हा म्हातारा जागेवरून हलणार नाही!

“बाबा, एकदाच. शेवटचं. पण हा आवाज आधी बंद करा. या गोंगाटात भीती तयारच होत नाही.”

“बंद करू?”

“करा.”

“बग हां...”

“करा हो बाबा!”

बाबांनी कुंचा बाजूला ठेवला. वाकून पाची दोऱ्या मुठीत धरल्या आणि पाय स्थिर केला.

आधी खुळखुळा थांबला. मग किल्ल्या, मग घुंगरू. बांगड्या दोनदा किणकिणल्या आणि गप्प झाल्या. शेवटी फांदीवरचा दोर एकदाच करकरला... आणि नाही.

कैवल्यनं तोंड उघडलं.

पण त्याच्या लक्षात आलं, रानही गप्प झालंय.

सासू अर्ध्यावर राहिली होती. बहिणीचं लग्न अर्ध्यावर राहिलं होतं. हसू कुठल्या कुठं गेलं होतं. त्यानं वळून बघितलं. वाकलेल्या बाया सरळ झाल्या होत्या. एकीनंही दुसरीला हाक मारली नव्हती. सगळ्यांची तोंडं झाडाकडं.

शहनाजचा हात हवेत तसाच. कांताच्या ओटीची गाठ सुटली आणि पांढराशुभ्र कापूस तिच्या पायाशी ओघळला. तिनं खाली बघितलं नाही.

मग ती चालायला लागली. दोन सऱ्या चालली... आणि पळायलाच लागली. कापसाच्या पळाट्या मोडत, पदर फाटतोय त्याची शुद्ध नाही. तिच्या मागं शहनाज. त्यांच्या मागं आणखी तिघी.

कैवल्य ताडकन उठला.

काय झालं? कुणाला काय झालं?

सगळ्यात जवळची झोळी लुगड्याची होती. तो तिच्यावर वाकला. आत मूठभर लेकरू, मूठ गालाशी, कपाळावर काजळाची तीट. हालचाल नाही. श्वास घेतंय का? छातीवरचं दुपटं हलतंय का? ...हलत नाही. हलतंय? त्याला कळेना. त्यानं बोट पुढं केलं आणि त्या एवढ्याशा नाकाखाली धरलं.

एक क्षण काहीच नाही.

मग ऊन ऊन वाफ बोटाला लागली.

पण तो थांबला नाही. दुसरी झोळी. तिसरी. चौथी. पाचवीतलं लेकरू जागंच होतं, त्याच्याकडं टकामका बघत होतं. कैवल्यला त्याचा मुका घ्यावासा वाटला.

आणि बाबांनी पाय हलवला.

करकर. किणकिण. खुळखुळ.

बाया बांधावरच थबकल्या. कांता छातीवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली.

“चाच्या!” शहनाज ओरडली. “पायाला मुंग्या आल्या काय? जीव ग्येला ना आमचा!”

“ह्या सायबाला शांतता पायजे व्हती,” बाबा म्हणाले.

“सायबाला म्हनावं, एक लेकरू काड, मंग इच्यार शांतता!”

बाया हसल्या. हसता हसता एकीनं हळूच डोळे पुसले. ज्या त्या आपापल्या सरीत परतल्या. कांता सांडलेला कापूस गोळा करून पुन्हा ओटीत भरायला लागली.

“हां, तर गाडी ढकलली... आन मंग?”

“मंग काय, पोरगा म्हनला, हीच पोरगी करायची!”

गोष्ट जिथं थांबली होती तिथूनच पुढं निघाली. नाही म्हणायला, मधूनमधून एखादी मान झाडाकडं वळत होती.

कैवल्य ओट्यावर येऊन बसला.

“बाबा...”

“हं.”

“भूत तर आलंच नाही.”

बाबांनी कुंचा पुन्हा मांडीवर घेतला.

“आणि या बाया... या तर आपापल्या गोष्टीत रमल्या होत्या. हिची सासू, तिची बहीण. त्यांनी इकडं लक्षसुद्धा दिलं नव्हतं.”

“लक्ष दिलं नव्हतं?” बाबांनी विचारलं.



बराच वेळ तो नुसता ऐकत बसला. आता त्याला पाची आवाज वेगवेगळे कळत होते. बांगड्या कांताच्या असणार, त्यांच्याच तालावर ती गुणगुणत होती. खुळखुळा शहनाजचा असणार, तो वाजला की तीच हसत होती. अडीच वर्षं आपण पाच दोऱ्या वळल्या, त्याच्या मनात आलं, एकेक दोरी देखणी वळली, आणि बांधली कुठंच नाही...

खिशात फोन थरथरला. पाच वाजले होते.

त्यानं खिशाकडं हात नेला. तेवढ्यात बाबा पुढं झाले, आपल्या अंगठ्याची गाठ सोडवली आणि कैवल्यचा पाय ओढून त्याच्या अंगठ्याला अडकवली.

“धर.”

“अहो, माझा फोन...”

“पाय हलव आदी!”

त्यानं पाय हलवला. पहिल्यांदा वेडावाकडा. झोळ्या एकमेकींना आपटायला आल्या. मग हळूहळू ताल सापडला आणि पाची झोळ्या एका लयीत जायला-यायला लागल्या.

रानातून शहनाजनं मान वर करून बघितलं. झाडाखाली आता चाचा नव्हते, तो पँटवाला होता.

“नीट धर बरं का, भाऊ!”

“धरलीय ताई!” कैवल्य ओरडला, आणि नकळत ताठ बसला. पिक्चरला बक्षीस मिळालं असतं तरी तो इतका ताठ बसला नसता.

फोन थरथरत राहिला. थांबला. पुन्हा थरथरला. त्याला खिशात हात घालायचा धीर होईना, तेवढ्यात पाय थांबला तर?

“बाबा,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “त्याला काय सांगू? कापू की ठेवू?”

बाबा उठले. चप्पल पायात सरकवली, पाण्याचा तांब्या उचलला. ओट्याच्या कडेला दोर कापायचा विळा पडलेला होता, तो त्यांनी पायानंच कैवल्यच्या हाताशी सरकवला.

“मी नमाजासाठी वजू करून येतो,” ते म्हणाले. “तवर तुला वाटंल ती दोरी काप.”