तुकतुकीत बी

समुद्रकाठी माणसाचं पाऊल पडायच्या आधीची ही गोष्ट. कोरड्या वाळूवर रानअबईची एक वेल पसरली होती. एके दुपारी तिची शेंग उन्हाने तडकली आणि टणक बिया वाळूत उडाल्या. त्यांतली एक बी सगळ्यांत तुकतुकीत होती, आणि तिला ते ठाऊक होतं.

वारा सुटला की वाळू बियांना घासायची. बहिणी सोसत राहिल्या. ही मात्र कळवळली, "आई, माझं अंग खरवडतंय गं!"

"खरवडू दे बाई," वेल म्हणाली. "आपल्या सालीला चरे पडले, तरच पाणी आत शिरतं."

बीला ते काही पटेना. तिने शेजारच्या कुर्ली खेकडीला गळ घातली, "मावशी, मला तुझ्या बिळात घे." कुर्लीने नांगीत धरून तिला आत नेलं. तिथे ना वारा, ना वाळूचा मार.

पावसाळे आले नि गेले. ओरखडे पडलेल्या बहिणींना कोंब फुटले, मुळं खोल गेली, त्यांच्या वेलींनी सरकती वाळू धरून ठेवली. बिळातही पाणी झिरपायचं, पण बीच्या अंगावरून नुसतं ओघळून जायचं.

एका सकाळी बिळाच्या तोंडाशी जांभळट फूल डोकावलं. बहिणीच्या नातीचं होतं ते.

"आजी, किती गं छान दिसतेस! अगदी कालच शेंगेतून पडल्यासारखी!"

बी हळूच म्हणाली, "कुर्लीमावशी, तुझ्या नांगीला अजून धार आहे ना?"