सुभेदाराचा आजा

चिंचखारच्या कबरस्तानात पाव्हणे शिरले की आधी काय करतात, हे गावाला पाठ आहे. फाटकातून आत आलं की उजव्या हाताला सुरंगीचं जुनं झाड लागतं. त्याच्याखाली कमरेइतका उंच, बैलगाडीएवढा लांब ढिगारा आहे आणि त्यावर शेकडो खडे आहेत. पाव्हणे तिथं थबकतात, आवाज खाली आणतात, मयताला मान म्हणून आपलाही एक खडा ठेवतात आणि शेजारच्याच्या कानात पुटपुटतात, "मोठा माणूस असणार." गावातलं कोणी त्यांना अडवत नाही. अडवायचं कशाला? खाली कोणीच नाही.

अख्ख्या कबरस्तानात सगळ्यांत जास्त खडे पडतात ते याच ढिगाऱ्यावर, आणि नेमकं याच्याच पोटात मयत नाही. याला म्हणतात सुभेदाराचा आजा. हा आजा कुठून आला ते ऐकायचं असेल तर त्या दगडावर टेका. कट्टाच आहे तो, कबर नव्हे. एवढं दचकू नका.

आगगाडी पुण्याला पोचली होती आणि चिंचखारला अजून बैलगाडीही धड पोचत नव्हती, तेव्हाची ही हकीकत सांगतात. गावात बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांची, वीस-बावीस घरं. बहुतेकांचा धंदा तेलाचा घाणा. शनिवारी ते घाण्याचा बैल सोडून स्वस्थ बसत, म्हणून आसपासचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांतला अकूबजी तेली ऐन उधाणाच्या दिवसांत वारला. खाडीकडच्या खालच्या अंगाला पाणी भरलेलं, म्हणून त्याला वर सुरंगीजवळ माती दिली. तेव्हाच्या म्हाताऱ्या मुकादमाने, म्हणजे समाजाच्या प्रमुखाने, त्याची बायको सेगुलाबाई हिला चारचौघांत शब्द दिला, "पोरी, याच्या डाव्या हाताची जागा तुझी. तिथं दुसरं कोणी येणार नाही."

सेगुलाबाईने तिथंच बोलून टाकलं म्हणे, "मग मीही सांगते. हातपाय चालतात तोवर याच्या डोक्यावर गवत उगवू देणार नाही."

बोलणं सोपं असतं. कोकणातलं गवत कोणाचं ऐकतं? एका पावसात ते गुडघ्याला लागतं, दुसऱ्यात छातीला. सेगुलाबाई सकाळी घाणा चालवायची आणि दुपारी कोयती घेऊन इथं यायची. नवऱ्याची कबर साफ झाली की शेजारची दिसायची, ती साफ केली की तिच्या पलीकडची. "शेजाऱ्याचं अंगण रान माजलेलं ठेवून आपलंच झाडायचं, हे माझ्याच्याने होत नाही," असं ती म्हणायची. कापलेलं गवत, फुटकी मडकी, तुटलेले दोर, सगळं सुरंगीखाली टाकायची. अशी एकोणीस वर्षं गेली. तो ढीग बसला, घट्ट झाला, त्यावर हिरवळ धरली आणि लांबून पाहणाऱ्याला वाटावं की कोणी राजा झोपलाय.

बाकीचं गाव काय करत होतं? गाव म्हणत होतं, "आपलं कबरस्तान किती छान राहतं, नाही?"

विसाव्या वर्षी हसाजी सुभेदार गावी आले. तीस वर्षं पलटणीत काढून, पेन्शन घेऊन, मिशांना पीळ देत आले. म्हातारा मुकादम वारला होता, म्हणून गावाने यांनाच मुकादम केलं आणि चार दिवसांत पस्तावलं. सुभेदारांना जिवंत माणसं रांगेत आणता येईनात, तेव्हा त्यांनी मेलेल्यांकडे मोर्चा वळवला.

नव्याचा सण, म्हणजे यहुदी वर्षाचा पहिला दिवस, जवळ आला तशी शनिवारच्या प्रार्थनेनंतर त्यांनी हुकूम ऐकवला. "आपल्या कबरस्तानात शिस्त नाही. कोण कुठंही झोपलंय! आता प्रत्येक घराण्याची जागा ठरेल. नव्याच्या सणाआधीच्या रविवारी ज्याने त्याने आपल्या आजोबा-पणजोबांच्या कबरीपाशी उभं राहायचं. भोवती चुन्याची रेघ मारू. निगा ज्याची, जागा त्याची. ज्याने निगा राखली नाही, त्याने खाडीकडे जायचं."

"आणि सुरंगीखालची जागा?" बायकांच्या बाजूने सेगुलाबाईने विचारलं.

"ती आमची. आमचे आजोबा तिथंच आहेत. पुढच्या पाच पिढ्यांची सोय तिथंच होईल."

"तिथं माझा माणूस आहे, मुकादम. आणि त्याच्या शेजारची जागा मला बोललेली आहे."

"तोंडी बोलण्यावर पलटण चालत नाही, तेलीणबाई. तुमच्या माणसाला कोणी उठवत नाही. तुमच्यापुरतं खाली बघू."

सेगुलाबाई घरी आली. दुसऱ्या दिवशी तिने घाणा जुंपला, पण बैल फिरत राहिला आणि ती नुसती बघत राहिली. तिला भीती मरणाची नव्हती. अकूबजी डाव्या कुशीवर झोपायचा आणि झोपेत हात टाकून ती आहे ना, एवढं चाचपायचा. तिथं आता सुभेदाराचा कोणी पणतू येणार होता, त्याला तो काय चाचपणार!

रविवार उजाडायच्या दोन दिवस आधी सुभेदार हळूच तिच्या घाण्यापाशी आले. तेल घ्यायचं निमित्त होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाकरून म्हणाले, "तेलीणबाई, तुमचं कबरस्तानात नेहमीचं जाणं-येणं. आमच्या आजोबांची कबर नेमकी कुठली हो?"

आता बघा. तेव्हाच्या कबरींवर ना नाव ना गाव, नुसते खडबडीत दगड. पोरवयात गाव सोडलेल्या माणसाला काय ओळखू येणार? सेगुलाबाईला मात्र एकूणएक कबर ठाऊक होती. सासूने बोट धरून दाखवलेली. तिने मापाने तेल ओतलं, भांडं पुसलं आणि अगदी गरीब तोंड करून म्हणाली, "आजोबा तुमचे, मुकादम. मी परकी बाई काय सांगू? मोठ्या माणसाची कबर काय लपून राहते होय?"

सुभेदारांना ते पटलं. मिशा पिळत गेले.

रविवारी सगळा समाज जमला. आपापली कबर शोधताना एकेकाची जी तारांबळ उडाली ती विचारू नका. दोन सख्खे भाऊ एकाच बापासाठी दोन वेगवेगळ्या कबरींवर उभे राहून भांडत होते म्हणे. सुभेदार मात्र सरळ सुरंगीखाली गेले. पलटणीचा जुना कोट, छातीवर बिल्ले. त्यांनी त्या ढिगाऱ्याभोवती ऐसपैस रेघ मारायला लावली. अकूबजीच्या डाव्या हाताची जागा तिच्या आत गेली. मग ढिगाऱ्यावर सब्जाच्या फांद्या वाहिल्या आणि खडा ठेवला. "आजोबा, तुमचा हसा आला हो!" म्हणाले आणि खरोखरच रडले. त्यांना रडताना बघून दोन-चार म्हाताऱ्यांनीही डोळ्यांना पदर लावला.

सेगुलाबाई एका बाजूला ओठ दाबून उभी होती. आणखी थोडा वेळ तिने दाबलेही असते. पण मयताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला हजानकाका, म्हणजे समाजाची प्रार्थना चालवणारे, पुढे झाले, त्यांनी पोथी उघडली आणि विचारलं, "सुभेदार, आजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगा."

तशी ती पुढे धावली. "हजानकाका, थांबा! बाकी काय वाटेल ते करा, पण देवाचं नाव तिथं घेऊ नका. खाली माझं गवत आहे."

"काय आहे?"

"गवत. एकोणीस वर्षांचं."

सुभेदार लाल झाले. "जागा सोडवेना म्हणून माझ्या आजोबांना गवत म्हणतेस?"

कोपऱ्यातली कुदळ तिने उचलली. लोक ओरडले, "अगं, कबर उकरू नये! पाप लागेल!" कोणी डोळे मिटले. सेगुलाबाईने एकच घाव घातला. बाहेर आला कुजक्या गवताचा भपकारा, मडक्याचा गळा, घाण्याचा जुना दोर आणि मागच्या वर्षी हरवलेली तिची कोयती.

"ही बघा, इथं होती होय!" ती म्हणाली आणि कोयती पदराला पुसली.

आधी हजानकाका हसले. मग ते दोन भाऊ भांडण सोडून हसले. मग असं हसणं उठलं म्हणे की खाडीपलीकडच्या कोळ्यांना वाटलं, तेल्यांकडे लग्न आहे.

सुभेदार एवढंसं तोंड करून उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, "मग आमचे आजोबा कुठं आहेत?"

सेगुलाबाई त्यांना खाडीकडच्या उतारावर घेऊन गेली. पार शेवटाला एक लहानशी स्वच्छ कबर होती. उधाणाचं पाणी आत येऊ नये म्हणून तिच्या पायथ्याशी दगडांचा बांध घातला होता. दर पावसाआधी सेगुलाबाईच तो नव्याने रचायची. उशाशी घाण्याचं अर्धं फुटलेलं दगडी उखळ रोवलं होतं. सुभेदार खाली बसले आणि त्याच्या फुटक्या कडेवरून बोट फिरवू लागले. पलटणीत तीस वर्षं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं की आपला आजा तेली होता.

"हे मी फोडलं होतं," ते म्हणाले. "नारळ आपटून. आजोबांनी मारलं नाही मला."

हजानकाकांनी तिथं प्रार्थना म्हटली. मग पोथी मिटून सगळ्यांना विचारलं, "आपापल्या कबरीवरचं गवत गेल्या एकोणीस वर्षांत ज्याने स्वतः एकदा तरी काढलं असेल, त्याने हात वर करावा." एकही हात वर गेला नाही. "मग मुकादमांचाच हुकूम आहे. निगा जिची, जागा तिची. हे अख्खं कबरस्तान आजपासून सेगुलाबाईचं. ज्याला मरायचं असेल त्याने आधी तिला विचारावं."

लोक तिच्याकडे बघू लागले. तिने पदर खोचला.

"मला अख्खं घेऊन काय करायचंय? माझी हातभर जागा माझ्या माणसाशेजारी. बाकीची सगळ्यांची. पण चुन्याच्या रेघा आत्ताच्या आत्ता पुसा. आणि दर वर्षी याच रविवारी सगळ्यांनी यायचं. प्रत्येकाने आधी दुसऱ्याची कबर साफ करायची, मगच स्वतःच्या माणसाची. ज्याला जमणार नाही त्याने समुद्रात जाऊन मरावं."

पहिली रेघ सुभेदारांनी स्वतःच्या बुटाने पुसली. मग ते सुरंगीखाली आले आणि उकरलेल्या ढिगाऱ्यावर एक खडा ठेवून म्हणाले, "इथं माझं शहाणपण पुरलंय. येणाऱ्याने एक खडा ठेवावा, म्हणजे ते वर येणार नाही." टाचा जुळवल्या आणि तेलिणीला पलटणीचा कडक सलाम ठोकला. "वहिनी, हुकूम?"

"बांधाला दगड लावा, सुभेदार. उधाण जवळ आलंय."

त्या संध्याकाळी मलिद्याची ताटं निघाली, पोहे, गूळ, खोबरं सगळ्यांच्या हातावर पडलं, आणि पहिला घास सेगुलाबाईला दिला असं सांगतात. पुढं बारा वर्षांनी ती गेली. तिला अकूबजीच्या डाव्या हाताला ठेवलं, आणि माती द्यायला सगळ्यांत पुढे काठी टेकत सुभेदार होते.

आजही इथं एकाही कबरीला कुंपण नाही. आजही नव्याच्या सणाआधीच्या रविवारी मुंबईहून, ठाण्याहून आणि पार इस्राएलहून माणसं येतात आणि आधी परक्याच्या कबरीवरचं गवत काढतात. आजही सुरंगीची फुलं अकूबजीवर आणि सेगुलाबाईवर सारखीच पडतात. आणि आजही नवा पाव्हणा आला की पहिला खडा त्या ढिगाऱ्यावरच ठेवतो. मघाशी तुम्हीही ठेवलात, डोळे मिटून, चांगला मोठा बघून. काढू नका. राहू दे. गावाला हसायला वर्षभर पुरतो.