भद्रिकेचे कुरण

वेणुमती नगरीवर सुदंत राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व क्षीरा नदीकाठच्या एका गवळवाड्यात पाटकरी म्हणून जन्माला आले होते. लोक त्यांना सोमक म्हणत. नदीपासून कुरणापर्यंतचा पाट साफ ठेवायचा आणि पुराचे पाणी वेळेवर आत घ्यायचे, हे त्यांचे काम होते.

त्या चाळीस घरांची एक रीत होती. श्रावणात नदीला तांबडा पूर आला की बांध फोडून ते गढूळ पाणी कुरणात घ्यायचे आणि नऊ दिवस तुंबवून ठेवायचे. उभे गवत त्याखाली कुजून जाई. पण मागे बोटभर गाळ राही आणि त्यावर उगवणारे गवत गुरांना फाल्गुनापर्यंत पुरे. बांधावर पहिला घाव मात्र ज्याचा तुकडा सगळ्यांत खोलगट, त्यानेच घालायचा, कारण सगळ्यांत जास्त त्याचेच बुडे. त्या वर्षी तो मान भद्रिकेकडे होता. नवरा नुकताच वारला होता आणि दावणीला तीन गाई होत्या.

मागचा उन्हाळा कडक गेला होता. गाईंच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि खोलगट तुकड्यात गवत कमरेइतके उभे होते. ते बुडवायला भद्रिका राजी नव्हती.

सोमक तिच्या अंगणात आले. "बाई, तुझं बुडेल तेवढं मी भरून देतो," एवढेच म्हणाले. उंचवट्यावर त्यांनी स्वतःच्या गाईसाठी गंजी रचून ठेवली होती. तीन दिवस डोक्यावर भारे वाहून त्यांनी ती सगळी तिच्या गोठ्यात आणून टाकली. भद्रिका म्हणाली, "दादा, उद्या घाव घालते."

दुसऱ्या दिवशी सगळा वाडा बांधावर जमला. भद्रिकेने कुदळ उचलली, तसा वाड्याचा मुख्य शंबर पुढे झाला. "तुझ्या गोठ्यात चारा आला, भद्रिके. आमच्या कुणाच्या आलाय? यंदाचं एक वर्ष राहू दे. पण आमचं काही म्हणणं नाही हो, शब्द तुझाच."

चाळीस घरांचे डोळे तिच्यावर खिळले होते. तिने कुदळ खाली ठेवली. तांबडे पाणी बांधाला घासून पुढे निघून गेले.

त्या रात्री लोकांनी तिची तोंड भरून स्तुती केली. सोमकांच्या गंजीतला चारा तिच्याच गाईंनी खाल्ला. परत द्यायचे तिला सुचले नाही, असे म्हणू या. मार्गशीर्षात सोमकांची गाय मेली. त्यांच्या गप्प राहण्याचा तिला राग येऊ लागला.

पुढच्या वर्षीही 'यंदाचं एक वर्ष' झाले. तिसऱ्या वर्षी गवत काड्यांसारखे आले, जमिनीवर पांढरा खार फुटला. भद्रिकेच्या दोन गाई गेल्या. शेवटी शंबर सगळा वाडा आणि गुरे घेऊन दूरच्या रानात निघाला, तिची उरलेली गायही त्याच कळपात गेली. जाताना तो तिच्या दारात थांबून म्हणाला, "तुझ्या हातानं वाटोळं झालं आमचं." कोणी त्याला अडवले नाही.

मागे दोघेच राहिले. पाटाचे तोंड वाळूने बुजले होते. आषाढात भद्रिका एकटीच कुदळ घेऊन तिथे गेली, तर सोमक टोपली घेऊन आधीच आलेले. अकरा दिवस दोघांनी वाळू उपसली. पूर आला तेव्हा तिने बांधावर घाव घातला, आणि तांबडे पाणी कुरणभर पसरले.

आश्विनात गवत छातीइतके झाले. ते खायला एकही जनावर नव्हते.

भद्रिका गवतात मध्येच बसून रडली. मग तिने विचारले, "दादा, तुम्हाला सगळं कळत होतं. त्या दिवशी माझ्या हातातली कुदळ का हिसकावली नाहीत?"

"ज्याचं बुडायचं, त्यानंच घाव घालायचा, बाई. दुसऱ्यानं घातला तर तो दरोडा. तुझ्यावर दरोडा घालून मी कुणाचं भलं करणार होतो?"

हे उत्तर तिला पटले नाही. मरेपर्यंत पटले नाही. गवत उभ्याउभ्या वाळून गेले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जन्मांचा मेळ लावून दिला. तेव्हाचा शंबर म्हणजे संघात दुसऱ्याच्या तोंडून आपले म्हणणे वदवणारा भिक्षू कलंब. भद्रिका म्हणजे शेवटच्या ओळीत मान खाली घालून बसलेली भिक्षुणी चंदिका. आणि सोमक पाटकरी म्हणजे स्वतः शास्ते. त्या जन्मी त्यांनी क्षांतीची, म्हणजे सहनशीलतेची, पारमिता पूर्ण केली. तिचे मोल मात्र चाळीस घरांच्या मुक्या गुरांनी भरले, आणि शास्त्यांनी तेही लपवले नाही.