न घाबरता मोडणे

एकदा एक शिक्षक आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आला. किती दमलेला, तर चपला न काढताच ओट्यावर बसला. गुरू जन्मभर संगणक शिकवून निवृत्त झालेले. शिष्यही तेच शिकवीत होता, आणि पुरता मेटाकुटीला आला होता.

"गुरुजी, उद्या नवशिक्यांना व्हर्जन कंट्रोलचा पहिला तास घ्यायचाय," तो म्हणाला. व्हर्जन कंट्रोल म्हणजे कामाच्या जुन्या अवस्था जपून ठेवण्याची विद्या. बिघडले तर मागे जाता यावे एवढ्यासाठी. "मागच्या वर्गात चारुलता म्हणून एक मुलगी होती. सगळं शिकवलं हो तिला! तरी तिचा महिनाभर खपून केलेला प्रोग्राम बिघडला, आणि परत काही आणता आला नाही. रडत गेली. उद्या पुन्हा येतेय, शेवटचं बघते म्हणाली. म्हणून या वेळी तासाची उद्दिष्टं अगदी मन लावून लिहिलीत."

गुरूंनी शिष्याचा लॅपटॉप पुढे ओढला. 'संकल्पना समजेल.' 'महत्त्व उमगेल.' 'इतिहासाचा परिचय होईल.' पान सरता सरेना. आपल्या शिकवणाऱ्या जमातीला हे समजणे-उमगणे भारी प्रिय. तपासावे लागत नाही ना!

"फाइलचं नाव काय?"

"अंतिम. म्हणजे... खरंच-अंतिम-तीन," शिष्य ओशाळून म्हणाला.

गुरू हसले नाहीत. त्यांनी काहीतरी टाइप केले. मग सगळे पान पुसले, सेव्ह केले, फाइल बंद केली आणि लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "आण परत."

शिष्याने घाईघाईने 'अंतिम-दोन' उघडली. तीत निम्मेही नव्हते. "हे काय केलंत, गुरुजी? आधीच माझ्यात त्राण नाही, त्यात तुम्हीही..." त्याचे डोळे भरून आले.

"संकल्पना तुला समजलीय," गुरू म्हणाले. "महत्त्वही उमगलंय. तुझी सगळी उद्दिष्टं तू स्वतः पुरी केलीस, बाबा, आणि तरी आत्ता चारुलताच्या जागी बसलायस. काम बिघडतं तेव्हा समज कामी येत नाही, हाताची सवय येते. तासानंतर तिच्या हातून काय होईल, तेवढं लिही. मी पुसण्याआधी तुझं पान नोंदवून ठेवलं होतं." त्यांनी एक कमांड दिली. पान जसेच्या तसे परतले.

शिष्याने दीर्घ श्वास सोडला. त्याने ते पान वरपासून खालपर्यंत वाचले. मग त्याने स्वतःच ते सगळे पुसून टाकले.

"अरे!"

"राहू द्या, गुरुजी. हवं तर आणता येतं की."

रिकाम्या पानावर त्याने एकच वाक्य लिहिले: 'तासाच्या शेवटी प्रत्येक जण आपले काम नोंदवेल, न घाबरता मोडेल आणि परत आणेल.' आणि तेही लगेच नोंदवले.

"आता चपला काढ," गुरू म्हणाले. "चहा टाकतो."

दुसऱ्या दिवशी चारुलताने आपला नवा प्रोग्राम नोंदवला, आणि पुसला. तिने कमांड दिली. ओळी परत आल्या. तिने एकेक ओळ तपासून पाहिली. मग मान वर करून म्हणाली,

"सर, अजून एकदा मोडू?"